कुलपांच्या पुस्तकाची पानं निघतात कुठे?

तीर्थरूप मामा यांस,

भाचीचा वाकून नमस्कार. (इथलं टेबल बसकं आहे, त्यामुळे हे पत्र पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाकूनच लिहिलेलं आहे. नमस्कारात कसूर नाही.) इकडे आम्ही सगळे मजेत. तिकडचं कळवा, पण नुसतं 'ठीक' असं कळवू नका. तुमचं 'ठीक' मी लहानपणापासून ऐकते आहे. अंगठ्यावर हातोडी पडली तेव्हाही तुम्ही 'ठीक' असंच म्हणाला होतात. तो अंगठा आता थंडीत ठणकतो का? डोळ्यांत थेंब घालता, की बाटली खिडकीत ठेवून तिच्याकडे नुसतं बघता? मामीला गुडघ्याचा नवा पट्टा मानवला का? तिला सांगा, तो पायाला लावायचा असतो, कपाटात ठेवून गुडघा बरा होत नाही.

हे सगळं फोनवर विचारता आलं असतं, कळतं मला. पण फोनवर तुम्ही 'बरं' म्हणता आणि ठेवून देता. कागद समोर आला की मात्र तुमच्याने तो अर्धा सोडवत नाही, त्या तुमच्या स्वभावावर भरवसा ठेवून मी ऐसपैस लिहायला बसले आहे. मामी म्हणाली की महिनाअखेर दुकान बंद करायचं ठरलं, कानशी, चिमटे आणि पकडी भंगारवाल्याला सांगून झाल्या आणि किल्ल्या घासायचं यंत्रही तो वजनावर नेणार आहे. इतकी वर्षं तुमच्या बोटांत साठलेलं सगळं असं किलोच्या भावाने जाणार? पण त्याविषयी मी एक अक्षर लिहिणार नाही. तुमचं दुकान, तुमची हत्यारं. मी फक्त पुस्तकाविषयी लिहिते.

पुस्तकाबद्दलची तुमची अट माझ्या पक्की ध्यानात आहे. तुम्ही हाताने लिहिलेल्या कागदांचं गाठोडं माझ्या हातात दिलंत आणि बजावलंत की प्रत एकच निघायला हवी, ती परक्या कोणाच्या नजरेला पडता कामा नये, आणि ती तुम्ही स्वतः बनवलेल्या तिजोरीत ठेवणार. म्हणजे कुलपं कशी उघडतात ते सांगणारं पुस्तक कुलपात. मला हसू आलं होतं, पण तुमच्या तोंडाकडे बघून मी ते गिळलं. या अटीमागचं कारण मला माहीत आहे ना. तुमच्या हाताखाली शिकलेल्या त्या पठ्ठ्याने दुकानामागचंच घर साफ केलं, पोलीस आधी तुमच्याकडे आले, आणि त्या दिवसापासून तुम्ही कोणाच्या हातात कानस दिली नाहीत. शिकायला येणाऱ्याला तुम्ही पायरीवरूनच वाटेला लावता. मग लिहिलंत तरी कशाला, असं मी विचारलं, तर म्हणालात, डोक्यात फार झालं होतं. बरं. मी पुढे काही विचारलं नाही. (न विचारणं मला किती जड जातं हे तुम्ही जाणता. एखादी गोष्ट कळली नाही तर मला जेवण जात नाही.)

आता हे पुस्तक मी लावते कसं ते सांगते, कारण यंत्र आतून बघितल्याशिवाय तुम्हालाही चैन पडत नाही. आमच्या संस्थेत मी पाण्याच्या तपासणीचे अहवाल छापण्याजोगे करते. (ते वाचणारे आम्ही दोघंच, एक जो लिहितो तो आणि एक मी.) साधा मजकूर टाइप करायचा आणि त्यात खुणा पेरायच्या: इथे मथळा, इथून अक्षर ठळक, इथे तळटीप, इथे आकृती. मग सगळा ऐवज एका प्रोग्रामच्या हवाली करायचा. तो ओळी जुळवतो, शब्दांमधली जागा सारखी करतो, पानं पाडतो आणि तयार पानांची फाइल पुढे ठेवतो. हे काही बटणावर टिचकी मारून होत नाही. पडद्यावर एक काळी खिडकी उघडते, तिच्यात शब्दांनी हुकूम सोडावा लागतो. ऑफिसातले लोक म्हणतात की ही जुनाट पद्धत आहे. म्हणोत बापडे. त्यांच्या पत्रांतले समास रोज सरकतात, माझे जागचे हलत नाहीत. एकच पथ्य असतं, उघडलेली खूण मिटवायची. चौथ्या प्रकरणात, लोखंडी कपाटांच्या कुलपांविषयी लिहिताना, तुम्ही 'सावकाश' या शब्दाखाली रेघ मारली होती. मी म्हटलं, तो ठळक करू. खूण उघडली आणि मिटवायची विसरले. त्यामुळे 'सावकाश'पासून प्रकरण संपेपर्यंत मजकूर जाडजूड अक्षरांत गेला. पान हातात पडलं असतं तर हे तेव्हाच कळलं असतं. पण पान हातात पडलं नाही, तीच तर हकीकत आहे.

फाइल तयार झाली की काळ्या खिडकीत छापायचा हुकूम लिहायचा, पुढे फाइलचं नाव, आणि एंटर. मधे प्रिंटरचं नावही घालता येतं, पण मी ते कधी घातलेलं नाही. दूधवाल्याला रोज कोणी पत्ता सांगतं का? नाव न घालता सोडलेला कागद इतकी वर्षं मुकाट्याने आमच्या मजल्यावरच्या बोळाच्या टोकाला असलेल्या प्रिंटरवर निघत आला आहे. तुमच्या पुस्तकासाठी मी जेवणाची सुट्टी धरली. त्या वेळी सगळे डबे घेऊन खाली जातात, प्रिंटरजवळ चिटपाखरू नसतं. ऑफिसचा कागद वापरायचा नाही म्हणून मी स्वतः जाड, सायीच्या रंगाचा कागद आणून ट्रेमध्ये भरला. हुकूम सोडला आणि टाचा न वाजवता बोळाच्या टोकाला गेले. प्रिंटर गप्प. परत जागेवर आले, खिडकीत विचारलं की रांगेत काय आहे. उत्तर आलं, रांग रिकामी. काम पूर्ण झालं म्हणे. कुठे पूर्ण झालं, ते नाही सांगितलं. मी पुन्हा सोडलं. पुन्हा पूर्ण. मग मला वाटलं, एकच प्रत मागितली म्हणून ऐकत नसेल, म्हणून एकदम पाच मागितल्या. (अट मोडायची नव्हती हो, जास्तीच्या मी फाडणारच होते.) त्याही पूर्ण झाल्या आणि त्याही कुठे नव्हत्या. दुसरीकडे माझा जाड कागद मात्र भराभर संपत होता, कारण दुपारनंतर बाकीचे लोक आपली कामं त्याच ट्रेमधून काढत होते. पंखे बंद करून जाण्याविषयीचं परिपत्रक तुमच्या कागदावर निघालं. आमच्या साहेबांचा रजेचा अर्ज त्याच्यावर इतका भारदस्त दिसला की वरून लगेच मंजूर होऊन आला.

खरं सांगू, मामा? मी घाबरायला हवं होतं. तुमचं गुपित कुठेतरी बाहेर पडत होतं. पण भीतीच्या आधी मला नवल वाटलं. बोट एका बटणावर पडतं, शब्दांचं काहीतरी होऊन ते भिंतीत शिरतं, आणि कुठेतरी त्याचा पुन्हा कागद होतो. तो कुठे होतो? मधल्या वेळात ती पानं कशात असतात? इतकी वर्षं हे काम करते आणि हा प्रश्न मला कधी पडला नव्हता, कारण पानं वेळेवर येत होती. विचारायचं कोणाला? आमचा संगणकवाला रजेवर. दुसऱ्या कोणाला विचारावं तर तो म्हणणार, दाखवा काय छापताय. म्हणून मी माझ्यापरीने शोध सुरू केला. चाचणीसाठी एकेका ओळीचं पान करायचं, अक्षर एवढं मोठं की लांबून ओळखू यावं, आणि सोडून द्यायचं. पहिल्या पानावर लिहिलं, 'कुठे आहेस?' ते गेलं आणि नाहीसं झालं. मग मला त्या पानांशी बोलायची सवयच लागली. 'आज दुपारी बाहेर पड, मी वाट बघते आहे.' मग, 'सगळे एकदम नको. एकेक करून या.' आणि एक दिवस वैतागून, 'आज शेवटची संधी.' या साऱ्यांचं काम वेळच्या वेळी पूर्ण होत होतं.

त्याच सुमाराला आमच्या इमारतीत एक वेगळंच खूळ सुरू झालं, तेही सांगितलं पाहिजे. फाटकावर येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पिशव्या उघडून बघायला लागले. कोठीची, गोदामाची, अगदी झाडू ठेवायच्या खोलीची कुलपं बदलली. एका दुपारी जेवणाच्या वेळी फाटकच बंद केलं. बाहेर खाणारे लोक गजांना धरून उभे, आणि रखवालदार कारण सांगेनात. मीही तिथे होते आणि या लोकांना काय वेड लागलंय का, असं सगळ्यांत मोठ्याने मीच म्हणाले. आमच्या रखवालदारांचे मुख्य आहेत, त्यांना सगळे कडीसाहेब म्हणतात. संध्याकाळी ते इमारतीतली एकूण एक कडी स्वतः ओढून बघतात, म्हणून हे नाव. उंच, सडपातळ माणूस, बोलणं मोजकं, आणि नजर अशी की आपण काही केलेलं नसलं तरी खिसे चाचपावेसे वाटतात. ते फाटकाशी उभे राहून एकेका चेहऱ्याकडे बघत होते. माझ्याकडेही बघितलं. मी डोळे वटारले.

दरम्यान मी तारेपर्यंत पोचले होते. म्हटलं, पानं तारेतून जातात ना, मग तारेच्या मागे जाऊ. माझ्या टेबलामागून निळी तार निघते, भिंतीतल्या भोकातून बोळात येते, छताच्या कडेने पांढऱ्या पट्टीत शिरते आणि साहेबांच्या दारावरून जिन्याकडे वळते. हे बघायला मी टॉर्च घेऊन स्टुलावर चढले होते आणि कान भिंतीला लावला होता. (ऐकू काही येत नाही. पण लावून बघायला काय हरकत आहे?) तेवढ्यात साहेब बाहेर आले आणि त्यांनी विचारलं की हे काय चाललंय. मला दुसरं काही सुचेना, मी म्हणाले, पाल आहे. साहेबांना पालीची धास्ती आहे हे मला माहीत नव्हतं. त्यांनी दुसऱ्या दिवशी आपलं टेबल खिडकीपाशी हलवून घेतलं आणि येता-जाता मला विचारायला लागले, गेली का? मी दर वेळी सांगितलं, शोध चालू आहे. ते खोटं नव्हतं.

तार जिन्याने खाली उतरते इथवर मी छडा लावला आणि एका दुपारी तिच्याबरोबर मीही उतरायला लागले. वर बघत, एक हात कठड्यावर. खालून कडीसाहेब वर येत होते, त्यांच्या हातात एक कागद. ते माझ्यासमोर थांबले, कागद उलगडून माझ्या तोंडापुढे धरला आणि शांतपणे विचारलं, हे ओळखता का? त्यावर माझ्याच हाताने लावलेलं, माझं मोठ्ठं अक्षर, 'कुठे आहेस?' मामा, शहाण्या बाईने अशा वेळी नाही म्हणून पुढे जायचं असतं. पण इतके दिवस जे शोधत होते ते डोळ्यांपुढे आल्यावर माझा तोल सुटला. मी तो कागद त्यांच्या हातातून ओढून घेतला आणि ओरडले, "अगं बाई, सापडलं! कुठे होतं हे?" बाकीची कुठे आहेत, सगळी नीट आली का, कडा कापल्या गेल्या नाहीत ना, हेही मी एका दमात विचारलं. कडीसाहेबांनी कागद माझ्या हातातून परत घेतला. मग म्हणाले, "बाई, तुम्ही जरा चौकीत चला."

चौकी म्हणजे फाटकाजवळची त्यांची खोली. तिथे एक नवाकोरा प्रिंटर होता. आमच्या संगणकवाल्याने रजेवर जायच्या आदल्या दिवशी तो बसवला, चालतो की नाही बघायला सगळ्यांचा ठरलेला प्रिंटर म्हणून तोच लावला, आणि तसाच ठेवून गेला. बाकीचे लोक टिचकी मारताना यादीतून आपला प्रिंटर निवडतात. नाव न घालता हुकूम सोडणारी संपूर्ण इमारतीत मी एकटी. आता तुम्हीच त्या चौकीतल्या माणसांच्या जागी बसून बघा. नवा प्रिंटर, कोणी काही पाठवलेलं नाही, आणि ऐन दुपारी तो आपोआप सुरू होतो आणि कुलूप किल्लीशिवाय कसं उघडतं याची पानं बाहेर काढतो. एकदा नाही, पुन्हा पुन्हा, मग पाच पाच प्रती. त्यांना वाटलं, ही चोरांची टोळी आहे आणि तिच्यात माणसं वाढली. मग येतं, 'कुठे आहेस?' मग, 'आज दुपारी बाहेर पड', तेव्हा त्यांनी फाटक बंद केलं. मग, 'एकेक करून या', तेव्हा दारादारात माणूस उभा केला. टोळी सावध होऊ नये म्हणून कोणाला एक शब्द सांगायचा नाही असं कडीसाहेबांनी बजावलं होतं, आणि तुमचं गुपित फुटू नये म्हणून मी कोणाला विचारत नव्हते. दोन्ही बाजू तोंडाला कुलूप लावून एकमेकांना शोधत होत्या. शेवटी टॉर्च घेऊन भिंतींना कान लावणाऱ्या बाईची बातमी त्यांच्यापर्यंत पोचली.

मी कानकोंडी होऊन सगळं सांगितलं. लेखक माझे नात्यातले आहेत एवढंच म्हणाले, नाव नाही, गाव नाही. ते काय करणार याची वाट बघत मी बाकावर बसले. आता ओरडतील, साहेबांकडे नेतील, माझी नोकरी जाईल, असं सगळं मनात येऊन गेलं. पण कडीसाहेबांनी टेबलाच्या खणातून तुमचं पुस्तक काढलं. व्यवस्थित टाचलेलं, आणि मामा, लाल पेन्सिलीने रंगवलेलं. तुम्ही समास रुंद ठेवायला सांगितले होते ना, ते सगळे प्रश्नांनी भरलेले. आधी चोरांच्या एक पाऊल पुढे राहायचं म्हणून त्यांनी ते वाचलं, कोठीची कुलपं त्यावरून बदलली, आणि मग वाचतच राहिले. चौथं प्रकरण त्यांनी सगळ्यांत जास्त वेळा वाचलं होतं. त्यांनी मला विचारलं की लेखक इथून पुढे एवढा चिडलेला का आहे. मी म्हणाले, चिडलेला नाही, माझी खूण मिटवायची राहिली. ते म्हणाले, मग बरं, कारण मी त्यांचं ऐकून फार धसमुसळेपणा करत होतो.

तेव्हा कुठे मला कळलं की खोलीतले दोन रखवालदार इतका वेळ कोपऱ्याकडे का बघतायत. तिथे एक जुनं लोखंडी कपाट आहे. कोणी, कधी बंद केलं कोणाला ठाऊक नाही. त्यावर पाण्याचा माठ आणि डबे ठेवतात. एक रखवालदार म्हणतो आत जुन्या बंदुका आहेत, दुसरा म्हणतो कागदपत्रं. कडीसाहेबांनी तुमच्या आकृतीवरून करवतीच्या मोडक्या पात्याच्या दोन पट्ट्या घासून बनवल्या होत्या आणि ते रोज त्या कुलपाशी बसत होते. माझी चौकशी बाजूला राहिली. मी स्टूल ओढून जवळ गेले, कारण आत काय आहे ते कळल्याशिवाय आता मीही उठणार नव्हते. ते एक पट्टी धरत, दुसरीने आतला खटका चाचपत, आणि ऐन वेळी हात निसटत होता. मी पुस्तक उघडून ते पान काढलं. तुम्ही लिहिलंय, 'यापुढचं हाताला कळतं, लिहून सांगता येत नाही.' त्या ओळीखाली लाल रेघ होती आणि शेजारी समासात कडीसाहेबांनी लिहिलं होतं, 'मग कसं सांगता येतं?' मामा, ते वाचून मला भरून आलं. तुमच्यासाठी आलं, त्यांच्यासाठी आलं, नक्की सांगता येत नाही.

मी त्यांना 'सावकाश'पासूनचा भाग पुन्हा वाचून दाखवला, या वेळी हळू आवाजात. त्यांनी खांदे सैल सोडले. बराच वेळ गेला, जेवणाची सुट्टी संपली, वर साहेब पाल शोधत असतील तर असोत असं मी ठरवलं. मग आत काहीतरी हललं, आणि मूठ फिरली. रखवालदार पुढे धावले, मीही धावले, आम्ही तिघांनी दार ओढून आत डोकी घातली. आत एक मोडकी छत्री होती आणि खुंटीला त्याच कपाटाच्या किल्ल्यांचा जुडगा. कोणीतरी तो आत ठेवून दार आपटलं होतं. आम्ही तिघं एकमेकांची तोंडं बघत राहिलो. आणि कडीसाहेब? ते आमच्याकडे पाठ करून उभे होते. आत काय निघालं हे त्यांनी विचारलंही नाही. मी म्हटलं, तुम्हाला बघायचं नाही का? तर म्हणाले, पहिल्याच पानावर लिहिलंय ना, उघडलं की पाठ फिरवावी, आतलं आपलं नसतं. मग त्यांनी दार लोटून पुन्हा बंद केलं. (किल्ल्या काढून घ्याव्यात, असं आम्ही तिघंही म्हणेपर्यंत त्या पुन्हा आत.) ते पुन्हा स्टुलावर बसले आणि पट्ट्या हातात घेतल्या. चेहरा असा की जणू कोणी खाऊ दिलाय.

असो. तेव्हा पुस्तक सुखरूप आहे, खूण मिटवली आहे, आणि माझ्या नोकरीला धक्का नाही. कडीसाहेबांनी त्यांच्या वहीत 'संशयित इसम आढळला नाही' असं लिहून प्रकरण संपवलं. फाटक आता दुपारी उघडं असतं. हुकूम सोडताना मी प्रिंटरचं नाव न चुकता घालते. तुमचं नाव माझ्या तोंडून कोणापुढे गेलेलं नाही, त्याविषयी निश्चिंत राहा. फक्त नवव्या प्रकरणातल्या तिजोरीच्या आकृतीत एक रेघ पुसट आहे, ती पट्टी वर जाते की खाली ते कळवा, आणि मुखपृष्ठ करडं हवं की निळं तेही. मामीला नमस्कार. अंगठा शेकत जा.

तुमची, कळल्याशिवाय जेवण न जाणारी,
भाची

ता. क. चौकीत निघालेल्या सगळ्या प्रती मी परत घेतल्या आणि स्वतः बसून फाडल्या. एक सोडून.

ता. क. दुसरा. ती एक म्हणजे लाल पेन्सिलीची. तुम्हाला कोरी करकरीत प्रत हवी होती हे मला माहीत आहे, पण ती मी काढलेली नाही आणि काढणारही नाही. तुम्ही म्हणालात एकच प्रत, तर हीच ती. तिजोरीत ठेवायच्या आधी समास वाचा. बरेचसे प्रश्न एकेका वाक्याने सुटतील. बाकीच्यांसाठी कोणाचातरी हात हातात धरावा लागेल, आणि तो तुम्हालाच.

ता. क. तिसरा. तुमचं नाव माझ्या तोंडून गेलं नाही, हे अगदी खरं आहे. मी ते चिठ्ठीवर लिहून दिलं, खाली पत्ता आणि कुठे उतरायचं ते. कडीसाहेब या महिनाअखेर निवृत्त होतायत. पोटापाण्यासाठी त्यांना काही नको, पेन्शन आहे. पण घरी बसले तर, त्यांच्या बायकोचं म्हणणं, एकही दार धड राहणार नाही. परवा सरावापायी त्यांनी तिला न्हाणीघरात कोंडलं आणि बाहेरून पुस्तक वाचत बसले. मामा, त्या पठ्ठ्याने तुमचा विश्वासघात केला हे मी विसरलेले नाही. पण हा माणूस आयुष्यभर दुसऱ्यांच्या कड्या ओढून बघत आला आहे, लागल्यात की नाही एवढ्याचसाठी. भंगारवाल्याला थांबवा. मला एवढंच मागायचं होतं, वरचं सगळं त्यासाठीच लिहिलं.

ता. क. शेवटचा. पाकिटावर तिकीट नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेलच. ज्यांनी ते तुमच्या हातात दिलं ते पुढ्यात उभे असतील, खांद्याला पिशवी, पिशवीत पुस्तक. मामांचं वाचून होईपर्यंत एक शब्द बोलायचा नाही, असं मी त्यांना बजावून पाठवलं आहे. तेव्हा आता तुम्हीच बोला.